कियाराचा अर्थ

६ जाने.
वहिनीचा फोन. रविवारी संगमनेरला बारसं. "आत्याबाई, नाव तुमीच ठेवायचं. पण मॉडर्न पायजे, जुनाट नको." आत्याबाई म्हणे! गेल्या वर्षी मला आलेल्या काष्टीच्या स्थळाला हिनंच सांगितलं, फोटोवर जाऊ नका, पोरगी लई काळी हाय. ते लोक परत फिरकले नाहीत. दादा गप्प बसला. मी विसरलेले नाही.

८ जाने.
सापडलं. कियारा. मूळ आयर्लंडचं. तिकडे 'किअर' म्हणजे काळा. मुलाचं किअरन फार जुनं, हे त्यातलंच मुलीचं, आताच्या स्पेलिंगात. अर्थ: काळी, काळ्या केसांची. स्टाफरूममध्ये एकटीच हसले.

११ जाने., रवि.
बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. बायकांनी पाठीत धपाटे घातले, व.चा सगळ्यात जोरात. घाल बाई. "कियारा! एकदम फॉरेनवानी!" कुणीतरी अर्थ विचारला. म्हटलं, उष्टावणाला सांगेन. वहिनीच्या आईसमोर सांगणार. तोवर रोज हाका मारू दे.

२ मार्च
दादाकडे गेले. व. पोरीला डाळीचं पीठ नि साय चोळत होती, अंग लालबुंद. बाळ किंचाळतंय. "तुमच्यावर गेलीय ना, आत्ताच उजळवाया पायजे." पोर ओढून घेतली. माझ्या खांद्यावर गप्प झाली. उष्टावणापर्यंत दम निघेना. "कियारा म्हणजे काळी. मुद्दाम ठेवलंय मी." व.चं तोंड पाहण्यासारखं झालं. मस्त वाटलं, परतीची अकोल्याची बस येईपर्यंत.

३ मार्च
शिवी द्यायची तर मलाही तोच शब्द सुचला. म्हणजे काळी वाईट, हे व.चं म्हणणं मीच खरं धरलं. आणि सांगितलं कुठे, तर पंधरा दिवसांच्या पोरीच्या कानात. लाज वाटते.
तरी व.ला माफी नाही. मुळीच नाही.

५ मार्च
दादा फोनवर. "अगं, नाव बदलायचं म्हणतीय ती. शनिवारी ये, दुसरं ठेव." काष्टीच्या वेळी तोंड शिवलं होतं याचं. म्हटलं, "दुसरं नाव पाहिजे तर दुसरी आत्या आण." त्यानं फोन आपटला.
शनिवारी जाणार मात्र आहे. पोरीला एकदा कियारा म्हणून हाक मारायचीय, चांगल्या मनानं. व. समोर उभी असताना ते जमेल का, सांगता येत नाही.