पाय शेकण्याचे सात दिवस

३ मार्च
काल लिहिलं की, इन्चार्ज सिस्टर पेशंटचे पाय शेकण्याला "नाटक" म्हणाल्या. चूक. त्या "लाड" म्हणाल्या. खोटं लिहायचं नाही. राग आहे तेवढाच ठेवते.
त्यांनी सात दिवस दिलेत. सात नंबरच्या खाटेवरचे टेलरकाका आडवे पडले तरी शिलाई मशीन चालवल्यासारखे पाय हलवतात, म्हणून झोपच लागत नाही. त्यांची झोपेची गोळी कमी झाली तर सगळ्या वॉर्डला फूट बाथ. नाहीतर टब भंगारात.

४ मार्च, दुपारी ४
पाणी किती गरम ते दोनदा मोजलं. आजोबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा आत्याने शिकवलं होतं: पायाला हात लावताना डोक्यात राग नको. माझ्या अजिबात नाही. सिस्टरनी विचारलं, पॅसेजमध्ये बादली कोणाची. नम्रपणे सांगितलं. मनात अकरा उत्तरं दिली.

६ मार्च
काकांनी विचारलं, कोणाशी भांडून आलीस? कोणाशीच नाही म्हटलं. मग सिस्टरचं गेल्या जुलैपासूनचं सगळं सांगितलं. पाणी गार झालं. काका फार छान ऐकतात. पेशंटशी संवाद हवाच.

७ मार्च
काकांची टाच लाल. रक्ताभिसरण सुधारतंय. काका म्हणाले, पातेलं घासतेस का. विनोदबुद्धी परत येतेय, हे चांगलं लक्षण.

९ मार्च
काकांनी अर्ध्याऐवजी पूर्ण गोळी मागितली. कारण उघड आहे: सिस्टरच्या चपला फार वाजतात.

१० मार्च
शेवटचा दिवस. काकांचे पाय पाण्यात असतानाच मी उठले आणि चपलांबद्दल सिस्टरना सुनावून आले. दहा मिनिटं लागली, मुद्दे बरेच होते. तोवर सफाईच्या मावशींनी काकांचे पाय टॉवेलात घेऊन नुसते धरून ठेवले होते. पाय थांबलेले. काका गाढ झोपलेले, गोळीशिवाय.
उठल्यावर म्हणाले, "पोरी, राग मानू नकोस. मावशींचे हात गप्प असतात. तुझे भांडतात."
राग मानलाच नाही. फक्त स्टोअररूममध्ये जाऊन टब तीनदा घासला.
सिस्टरनी सगळ्या वॉर्डला फूट बाथ मंजूर केला. म्हणजे मी जिंकले. काम मावशींना दिलं. मला न मागता चार दिवस रजा दिली.
सोमवारी, १५ मार्चला, दुपारी चार वाजता मावशींच्या शेजारी स्टुलावर बसून शिकणार. तोंड बंद ठेवून. सिस्टरशी रजेबद्दल बोलायचं ते पावणेचारला.