मागच्या दाराची चौकट

कोंढा,
२ ऑगस्ट २०२५

चि. विक्कीस, आजीचे अ. आ. वि. वि.

लहानपणी तू शाळेत जाताना दप्तर विसरायचा, आता नोकरीले लागून आजीच विसरला. अरे, तुझ्या आजीले वाचता येत नाही. पत्र आलं की वाचून दाखवते शेजारच्या इश्वरची सून खुशबू. हेही तीच लिहून राहिली. मले कमी ऐकू येते म्हणून ती मोठ्यानं वाचते. आन ज्या इश्वरले तू आपलं घर विकायले निघाला, तो तेव्हा आपल्याच ओट्यावर चहा पिऊन राहिला होता.

तर तुझं पत्र असं वाचलं गेलं. सागवानाच्या चौकटी पॉलिशनं काळ्या पडल्या, घर म्हातारं दिसते, विकण्याआधी साऱ्या चौकटीले पांढरा ऑइल पेंट मारून घे. इथवर ठीक. मग खुशबूचा आवाज बारीक झाला. मी म्हटलं, जोरात वाच. तिनं जोरात वाचलं. मागच्या दाराच्या चौकटीले खालून उधईनं पोखरलं आहे, तिथं पुट्टी भरून आधी रंग दे आन इश्वरकाकाले कळू देऊ नको, तो लई चिंगूस आहे.

इश्वरनं कप खाली ठेवला. विळा घेतला आन सरळ मागच्या दाराकडं गेला. टोक टोचलं तर पसाभर माती पडली. मी मनात म्हटलं, घर विकून विक्की घेणार तो नागपूरचा फ्लॅट इथंच ढासळला. तर तो येऊन म्हणते, काकू, एकच खराब आहे ना? मग बाकीच्या चांगल्या आहेत. माणूस दलालाले खोटं लिहीन, आजीले कायले लिहीन? पण रंग मारला असता, तर मी साऱ्याच खाल्लेल्या धरल्या असत्या.

आता सांग, बैलबाजारात ज्याच्या शिंगावर ताजा रंग, त्याचे दात आपण पहिले पाहतो का नाही? इतकं शिकला, हे कोणत्याच वर्गात नव्हतं वाटते.

वासुदेव पेंटरले मी दोनदा परत पाठवलं. एकदा पाऊस होता, एकदा माझं मन नव्हतं. रंगाचा डबा मात्र तो आपल्या घरीच ठेवून गेला. पॉलिश काळी म्हणतो, तर ती काळी तुझ्या आज्यानं केली. दर दसऱ्याले चौकटीले जवसाचं तेल पाजायचा आन मले डोक्याले लावायले थेंब मागावा लागे.

लोभ आहे तसाच राहू दे, त्याच्यावर रंग मारू नको.

तुझी आजी
(अंगठा आजीचा, अक्षर खुशबूचं)


नागपूर,
१० ऑगस्ट २०२५

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

इश्वरकाकांनाही नमस्कार, कारण तेही ऐकत असतीलच. काका, त्या शब्दाबद्दल माफ करा. मला काटकसरी म्हणायचं होतं, घाईत दुसराच शब्द आला.

आजी, रंगाचा विषय मी सोडला. काल इथला फ्लॅट पुन्हा पाहून आलो. चौथा मजला, लिफ्ट आहे, तुझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं. सगळ्या चौकटी पांढऱ्याशुभ्र. नखानं टोचून पाहिलं, तर आत लाकूडच नाही, दाबलेला भुसा. दलाल म्हणाला, साहेब, टोचून कोण पाहतं? मी म्हटलं, आमच्याकडे पाहतात.

खुशबू वहिनी, इथून पुढचा परिच्छेद कृपा करून मोठ्यानं वाचू नका. आजीनं पेंटरला दोनदा परत पाठवलं, त्यावरून माझ्या मनात शंका आली आहे. तिला खरंच नागपूरला यायचं आहे का? मी विचारलं तर ती थट्टेत उडवेल. तुम्ही रोज तिच्यापाशी असता, खरं काय ते कळवा. मोठा फ्लॅट मी तिच्यासाठीच पाहतो आहे. तीच मनाविरुद्ध येणार असेल, तर घर विकून मी मिळवलं काय?

आता पुन्हा मोठ्यानं वाचा. आजी, ओल्या अंगणात चपलेशिवाय फिरू नकोस.

तुझ्या रागावण्याची सवय आहे, मायेचीही आहे. दोन्ही चालू ठेव.

तुझा विक्की


कोंढा,
२५ ऑगस्ट २०२५

चि. विक्कीस, आजीचे अ. आ. वि. वि.

मले अक्षर वाचता येत नाही, पण वाचणारीचं तोंड वाचता येते. खुशबू मधातच थांबली. डोळे कागदावरून खाली चालले आन ओठ बंद. मी म्हटलं, जे गिळून राहिली ते बाहेर काढ, नाहीतर उद्यापासून या ओट्यावर चहा बंद. मग तिनं सारं वाचलं. इश्वर बसलाच होता. त्यानं बहिऱ्यासारखं तोंड केलं. चिंगूस असला तरी माणूस चांगला आहे.

मले यायचं नाही. झालं, कागदावर आलं, मी सुटली. चौथ्या मजल्यावर कोणाच्या ओट्यावर कोणी चहा प्यावा? पण नातवाची वाट अडवून बसणारी म्हातारीही मले व्हायचं नाही. म्हणून मीच इश्वरसंग सौदा केला. त्याले म्हटलं, घर तू घे, तुझ्या पोराचा, कैलाशचा, आन खुशबूचा संसार तिथं मांड. समोरची खोली आन ओटा मात्र मी आहो तोवर माझा. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बैलाचे दात पाहावे तसं. मनात वर्षं मोजली आन हो म्हणाला. तू आता लहान फ्लॅट पाहा आन पहिले टोचून पाहा.

मागची चौकट कैलाश नवी बसवणार आहे. सागवानाचीच, रंग न मारता. खुशबू लिहिता लिहिता हसून राहिली. हे लिहू नको म्हटलं, तरी लिहून राहिली.

तुझा पांढरा डबा वाया नाही गेला. पोळ्याले इश्वरच्या बैलजोडीची शिंगं त्यानं रंगवली, साऱ्या गावात तीच चमकली. तोरणाखाली जोडी उभी केली, तर अख्खं गाव विचारून राहिलं, इश्वर, जोडी विकायले काढली का?

येत जाशील. लोभासाठी दार उघडंच आहे, फक्त आता ते इश्वरचं आहे.

तुझी आजी
(अंगठा आजीचा, अक्षर खुशबूचं)

ता. क. इश्वरनं मोजलेल्या वर्षांचा हिशोब मले चुकवायचा आहे. म्हातारी आहे म्हणून मऊ संत्रा बर्फी पाठवशील, ती नको. भाजलेले चणे पाठव, चांगले कडक पाहून. ओट्यावर बसून खाईन, शेजारी आवाज गेला पाहिजे.