डब्याचा काय भरवसा

८ जुलै
डबा एकदाचा माझ्या पायथन प्रोग्राममधून बोलला. डबा म्हणजे दे. सरांचा जुन्या फोरट्रान भाषेतला प्रोग्राम. देसाई सर, कॉलेजात मला शिकवायचे, आता निवृत्त, पेठ वडगावला असतात. बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी घालायची, खालच्या गावांत पाणी कुठवर चढेल ते डबा सांगतो. मूळ कोडची पानं मागच्या मोठ्या पुरात भिजून गेली. उरलीय ती फक्त कंपाइल केलेली फाइल. आत काय शिजतंय ते देवालाच ठाऊक.
आधी सगळा कचरा येत होता. समीर म्हणाला (ऑफिसात आम्ही दोघंच), "तू नुसता आकडा पाठवतीस. फोरट्रानला आकडा कुठं ठेवलाय त्येचा पत्ता लागतोय." पत्ता पाठवला. लगेच शहाण्यासारखं उत्तर. इतकं सरळ उत्तर आलं की मला उलट जास्तच संशय येतो.

११ जुलै
आता डबा दर तासाला आपोआप चालतो. पातळीची वाचनं मी भरते, ती थोडी वरखाली होतात म्हणून शेवटच्या दोन वाचनांची सरासरी काढून त्याला देते. धोका दिसला की नदीकाठच्या गोठेवाल्यांना मेसेज. यादीत पहिलं नाव आत्याचं. शिरोळकडे, वाडीच्या अलीकडे, नदीला लागून गोठा. मागच्या पुरात तिच्या दोन म्हशी वाहून गेल्या.
तिचा फोन: "पोरी, तुझ्या मेसेजवर म्हशी सोडू न्हवं?"
म्हटलं, बिनघोर सोड.

१९ जुलै
घात झाला. दुपारी डबा एकदम बोंबलला. मेसेज गेले. आत्यानं भर पावसात म्हशी वरच्या शाळेकडे हलवल्या. गाभण म्हैस चढावर घसरली, पाय सुजलाय. पाणी कुठलं यायला! पुढच्या तासाला डबा गप, जसं काही झालंच नाही.
आत्या शिव्या देत नाहीये. तेच वाईट.

२० जुलै
दे. सरांना फोन. डबा मधेच ओरडतो, म्हटलं.
"डबा ओरडत न्हाय. तुम्ही त्येच्या तोंडात काय घालताय ते बघा."
फोन ठेवला पण. म्हातारा काहीतरी लपवतोय. समीरला वाटतं दशांशाची अचूकता जुळत नसेल, डबा जुना आहे, लहान आकडा मागत असेल. सगळं तपासलं. तसं काही नाही. मग राहिलं कोण? सर, समीर, मी.

२३ जुलै
पुन्हा! नदी उतरत असताना! मेसेज हातानं अडवला म्हणून निभावलं. दोन्ही वेळा नदी चाळीसची खूण ओलांडत होती. एकदा चढताना, एकदा उतरताना. चाळीसवर काय पुरलंय?

२४ जुलै
सकाळी चहाच्या गाड्यावर. कुणीतरी नदीचं विचारलं, "किती झाली?" चहावाला म्हणाला, "एकोणचाळीस दोन." फूट म्हणाला नाही, इंच म्हणाला नाही. इथं कुणी म्हणतच नाही. चहा तसाच ठेवून ऑफिसात आले.
मीही तसंच भरत आलेय की. एकोणचाळीस फूट अकरा इंच म्हणजे ३९.११. लहानपणापासूनची सवय, डोक्यातही आलं नाही.
डब्याला ३९.१२ दिलं. मग ४० दिलं. दोन्हीला एकच उत्तर! म्हणजे डबाही कोल्हापूरचाच, बिंदूनंतर इंच मोजतो. बारा झाले की फूट.
आणि पायथन बिचारा परका, त्याला बिंदूनंतर दशांशच कळतात. ३९.११ आणि ४०.०१ ची सरासरी काढली ३९.५६. डब्यानं ते छप्पन्न इंच धरले. म्हणजे त्रेचाळीस फूट आठ इंच. धोक्याची खूण त्रेचाळीसला.
समीर हसून हसून खुर्चीत आडवा झाला. मला हसू येईना. सरासरीची ओळ माझी आहे. म्हशीचा पाय त्या ओळीनं मोडता मोडता राहिलाय.

२५ जुलै
आधी सगळ्याचे इंच, मग सरासरी, मग डबा. ठीक चाललंय. सरांना सांगितलं. बिंदूचं कुठं लिहून का ठेवलं नाहीत, विचारलं.
"कोल्हापुरात ह्ये कुणाला सांगाय लागतंय व्हय?"
मग असं आणखी काय काय लिहिलं नाही तुम्ही?
मग म्हणाले, "आता आठवत न्हाय."


२८ जुलै
धरणाचे दरवाजे उघडलेत. नदी बेचाळीसवर, चढतीच आहे. डबा म्हणतो, उद्या संध्याकाळी आत्याच्या गोठ्यात पाणी. या वेळी उडी नाही, आकडा तासातासाला नीट वर जातोय. समीरनं आणि मी वेगवेगळं ताडून पाहिलं. तरी सरांचं ते "आठवत न्हाय" कानातून जाईना.
आत्याला फोन केला. म्हशी हलव.
"तुझा डबा म्हणतोय व्हय?"
मी म्हणतेय आत्या. त्या दिवशी चूक माझी होती, डब्याची नव्हे. सुधारलीय.
"त्या दिवशीबी तूच म्हणालतीस की. गाभण हाय ती, सुजल्या पायानं किती येळा चढवू? पाणी पायरीला लागू दे, मग बघू."
पायरीला लागल्यावर उशीर झालेला असतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत आहे? पण मी कुठल्या तोंडानं सांगू.
म्हशी उचलून आणायला समीरनं त्याच्या मामाचा टेम्पो मागवलाय. शिरोळकडचा रस्ता अजून चालू आहे म्हणतात. पाणी आलं नाही तर आत्या जन्मात माझा फोन उचलणार नाही. नाही उचलला तर नाही.
येतेय म्हणून तिला कळवलेलं नाही. कळवलं तर गोठ्याला कुलूप घालून बसेल.