बाईंनी कथेतली बहीण काढली

सोमवार
जेवायला हाक मारली की उठायचं नाही आणि गार झालं की तोंड वाकडं करायचं, हा कुठला न्याय? पहिलाच दिवस, आणि जेवण तीनदा गरम केलं. बाकी घर झकास. मला स्वतःची खोली, दाराला आतून कडी. जन्मात पहिल्यांदा! बाई कादंबऱ्या लिहितात, एकट्याच राहतात. मी शिकले चौथीपर्यंत, तरी म्हणाल्या, रोज चार ओळी लिहून टेबलावर ठेव, त्या वाचल्या की माझा हात चालतो. म्हटलं, स्वयंपाकाला आले की शाळेला? हसल्या. हसल्या की बऱ्या दिसतात.

बुधवार
बाई सकाळी माझं पान वाचतात, खोलीभर फिरतात, नखं खातात, मग बसतात. लिहितात कमी, खोडतात जास्त. एवढं खोडायचं तर लिहायचं कशाला, असं तोंडावर विचारलं. म्हणाल्या, खरं काम खोडण्यातच आहे. कथेत एक स्वयंपाकीण आहे, माझ्यासारखीच तोंडाळ. तिलाही माझ्यासारखीच थोरली बहीण आणि नर्सिंग शिकणारी मुलगी. मला गंमत वाटली. थोरलीबद्दल भरभरून लिहिलं. भांडकुदळ आहे, पण नवरा गेला तेव्हा मला लहान पोरासारखं भरवलं तिनं.

शुक्रवार
बाईंनी कथेतली बहीण काढली. गर्दी होते म्हणे. म्हटलं काढा, माझ्या बापाचं काय जातंय.
दुपारी थोरलीला फोन लावला. कोण पाहिजे, म्हणाली. मी दोन शिव्या हासडल्या, आमची ती रीतच. ती घाबरली. म्हणाली, बाई, मला बहीण नाही, नंबर चुकलाय.
आवाज तिचाच. मागे तिची नातवंडं भांडत होती.

रविवार
जाब विचारला. बाई म्हणाल्या, आता कुठे ती स्वयंपाकीण जिवंत झाली, एकटी पडली की बोलते. तुझं परवाचं पान सगळ्यात चांगलं.
मी रडत लिहिलं होतं ते.
कथेचे कागद चुलीत घालीन म्हटलं. म्हणाल्या, घाल, पण तुझी मुलगीही त्याच कागदांवर आहे.
हात मागे घेतला.

मंगळवार
काल पान दिलं नाही. बाईंचा हात अडला. माझ्याकडे बघत बसल्या. मुलगी आड येतेय म्हणाल्या—
निघून जावं. पण माझ्यामागे पोरीला खोडलं तर?

गुरुवार
पोरीचा, बब्बीचा फोन. आई अशी हाक मारली. मग थांबली. मग— तुम्ही नक्की कोण, म्हणाली. माझी बब्बी. मला तुम्ही म्हणाली.
धावत गेले. बाई म्हणाल्या, तिच्यावर अजून पेन्सिलीचीच रेघ आहे, शाईची नाही.

शुक्रवार
बाई, वाचताय ना. सरळ विचारते. रविवारी बब्बी सुट्टीला इथे येणार. दारात मला बघून काय म्हणेल? एकटीच बाई हवी तर तुम्ही आहात की, स्वतःवर लिहा. नाहीतर मलाच काढा, पण पोरीला— 
उद्या शनिवार. उद्यापर्यंत उत्तर पाहिजे. पोरगी ठेवताय की