झोके वगैरे

भडगाव, जि. जळगाव
मंगळवार, १८ जून २०२४

ती. नवलभाऊ,

समाधानचा नमस्कार. 'तीर्थस्वरूप' पूर्ण लिहायला घेतलं होतं, पण हात थांबला, म्हणून नुसतं 'ती.' ठेवलं आहे. का थांबला ते पुढे येईलच.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या आबांच्या गुडघ्याला आराम आहे. तुमच्या पत्र्याची गळती मी आणि आमच्या नानांनी मिळून बंद केली, काळजी करू नकोस. छापखान्यात लग्नसराईचं काम ओसरलं. बहीण दिपमाला घरी आहे. भाकरी टाकते, भांडी घासते.

फोन केला की तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. पत्र मात्र कॉलेजच्या पत्त्यावर टाकलं की शिपाई हातात देतो. अकरावीला शाळा सोडलेल्या माणसाचं आहे, पण र्‍हस्व-दीर्घ तपासलेले आहेत. त्या कारणाने तरी बाजूला ठेवू नकोस.

तुमच्या कॉलेजच्या कार्यक्रमाचं बॅनर मीच जुळवलं होतं, आठवतं? 'उन्हाळी जैववैद्यकीय संशोधन प्रशिक्षण : महिला रक्तक्षय तपासणी'. एकही अक्षर चुकलं नव्हतं. आणि धुळ्याजवळच्या त्या पहिल्या गावात ते लावल्यावर बायका लांबूनच परत गेल्या. धुरपदाबाई नावाची एक म्हातारी तेवढी जवळ आली, आणि तीही सांगायला, "माले क्षय नही शे, माय. मन्ही सूनलेबी नही." आपल्याकडे सुनेला क्षयाचा नुसता संशय आला तरी तिची पिशवी भरून तिला माहेरी धाडतात, हे तुला मी काय सांगू. प्रशिक्षणाला आलेली दिपमाला तेव्हाच तुमच्या विभागप्रमुखांना म्हणाली, हा शब्द काढा सर. ते म्हणाले, शब्द शास्त्रीय आहे. बॅनर तसंच राहिलं आणि बायका तशाच लांब राहिल्या.

मग अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आली. आमच्या दिपमालासकट तिघी मुली गावाकडच्या, तिघींना घरी यायचं होतं. रक्त तपासायचं यंत्र तू स्वतः तिच्या पिशवीत ठेवलंस. "आखाजीले बठ्ठ्या लेकी माहेर येतस. तठेच इचार," हे शब्द तुझे आहेत. ती घरी आली तेव्हा तिने ते मला जसेच्या तसे सांगितले. किती खुशीत होती. म्हणाली, नवलभाऊला बरोबर सुचलं.

तू त्या दिवशी नव्हतास, म्हणून लिहितो. निंबाला झोका बांधला होता. आठ-दहा गावांना दिलेल्या लेकी एका झाडाखाली. दिपमालाने 'रक्तक्षय' हा शब्द तोंडातून काढला नाही. एवढंच म्हणाली, "आंगमा रगत कमी शे का, ते देखानं शे." तरी सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. तेव्हा तुझी सख्खी बहीण पुढे झाली. पुनमअक्काने बोट पुढे केलं आणि म्हणाली, "टोच व माय. नाक टोचं तवय रडनू नही मी." त्यावर पलीकडची एक म्हणाली, "मी थेंब देसू, पन पहिले झोका देशी का?" मग काय, झोका द्यायचा आणि थेंब घ्यायचा, असंच सुरू झालं. दिपमालाचे हात दोराने सोलले. त्या झाडाखाली जितक्या बायकांनी बोट पुढे केलं, तितक्या तुमच्या उरलेल्या सगळ्या कार्यक्रमात मिळून केलं नाही.

पुनमअक्काचा फार कमी आकडा पाहून दिपमालाने दुसऱ्या बोटातून थेंब घेतला. पुन्हा तसाच आला. आता तिला तालुक्याच्या दवाखान्यात सुया चालू आहेत. जावई तिला म्हणत होते की काम टाळायला दमल्याचं सोंग करतेस. हे आबांनी तुला कळवलं नसेल. मी कळवतो आहे.

आणि मुली परत आल्या तर त्यांच्या नावापुढे गैरहजर. सलग तीन दिवस नाही म्हणून 'कार्यक्रम मध्येच सोडला' असं धरलं. दिपमाला विभागप्रमुखांसमोर उभी राहिली, म्हणाली, सर, आखाजी होती, आणि मी तिथे तपासण्या केल्या आहेत. ते तुझ्याकडे वळले.

"काय हो, तुम्ही तिकडचेच ना? एवढं मोठं काय असतं या आखाजीला?"

आणि तू हसलास. "गावाकडे असतं सर काहीतरी. झोके वगैरे."

सगळे हसले. तीही तिथेच उभी होती, भाऊ.

मी लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवतो. पत्रिकेत 'वगैरे' छापत नाहीत. एका काकाचं नाव राहिलं तर त्याचं घर लग्नाला येत नाही, म्हणून चुलत, मावस, आते, सगळी नावं पूर्ण घालावी लागतात. एवढं तर आमच्या धंद्यातही कळतं. आमच्याकडेच छापायला आलेल्या तुमच्या अहवालात त्या झाडाखालचे आकडे घेतले आहेत. कार्यक्रम यशस्वी झाला तो त्यांच्यावर. आणि त्याच अहवालात लिहिलं आहे की ग्रामीण मुली टिकत नाहीत, म्हणून पुढचं अनुदान मिळाल्यावर जागा शहरातल्या कॉलेजांना द्याव्या. आकडे ठेवले आणि ते आणणारीला वगळलं. याला काय म्हणायचं ते मला माहीत आहे, पण पत्र कॉलेजच्या पत्त्यावर येणार आहे, म्हणून लिहीत नाही.

दिपमालाला प्रमाणपत्र नाही. ते नसेल तर पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी तिचा अर्ज घेत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे. सुरुवातीला लिहायची टाळली. सोनगीरचे पाहुणे येऊन गेले. मुलगा वाईट नाही. नाना म्हणाले, "शिकाले धाडं, तर तठेनच नाव कमी करी दिनं. आते काय वाट देखानी?" दिपमालाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आतून चहा आणला आणि बोटं पदराखाली घेऊन बसली, दोराच्या खुणा अजून दिसतात म्हणून. काल नाना मला म्हणाले, कार्ड तुझ्याच दुकानात छापू, घरचंच काम आहे. नमुन्याचा मजकूर त्यांनी मागितला आहे. मी अजून दिलेला नाही.

सोमवारी अनुदान देणाऱ्या संस्थेची माणसं तुमच्याकडे येणार आहेत, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठीचं स्वागताचं बॅनरही आमच्याकडेच आलं. ते छापून ठेवलं आहे. त्याच्यासोबत मीही येईन, दिपमालाला घेऊन. तिला अजून सांगितलेलं नाही. आम्ही आत येणार नाही. दाराशी उभे राहू.

तू उठून एवढंच सांग, की यंत्र मी दिलं होतं. आखाजी म्हणजे काय ते सांग, पूर्ण सांग, आपल्या बोलीत आलं तरी चालेल. नोकरी जाईल अशी तुला भीती असेल. तशी भीती मलाही सगळ्याचीच वाटते, हे पत्र टाकायचीही वाटते आहे. तरी टाकतो आहे.

पुनमअक्का विचारते, नवल आखाजीला का आला नाही. मी तिला 'कामात असेल' असं सांगितलं आहे. सोमवारनंतर काय सांगायचं, ते तू ठरव.

सोमवारपर्यंत तुझा भाऊ,
समाधान