मांजरपाट आणि एक सावध माणूस

३ नोव्हेंबर २०१७, शुक्रवार
सकाळी मोबाईलवर मेसेज. पंचवीस लाखांची लॉटरी लागली, अठ्ठावीसशे रुपये भरा. डोकंच फिरलं. त्या नंबरला फोन लावून आधी मराठीत, मग हिंदीत आणि शेवटी आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत शिव्या दिल्या. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत असा हुशार माणूस दुसरा नाही. संध्याकाळी असोसिएशनच्या चहाला हे सांगितलं, तर लगेच कार्यक्रम ठरला: ‘ईमेल आणि मेसेजमधली फसवणूक कशी ओळखावी’. बावीस तारखेला. मार्गदर्शक: मी.
शेजारचा वेल्डिंगवाला धर्मपाल म्हणे, "लॉटरी तं बकरी बी ओयखते." जळतो मेला.

६ नोव्हेंबर
संकल्प: अनोळखी नंबर उचलायचा नाही. उचललाच तर ओटीपी द्यायचा नाही, मग समोरचा मागो की न मागो.
कार्यक्रमाचं बॅनर करायला टाकलं. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढं, पांढऱ्या जाड कापडावर रंगवून. फ्लेक्स स्वस्त होतं, पण कापूस वेचायच्या झोळ्या शिवणाऱ्या माणसाने प्लास्टिक लावायचं म्हणजे काय? शीलाने किंमत विचारली. बायकोला सगळंच सांगायचं नसतं.

८ नोव्हेंबर
बोंडअळीने कपाशीचा सत्यानाश केला. लोक म्हणतात, यंदा दोनच वेचण्या, मग पऱ्हाटी उपटायची. म्हणजे झोळ्या विकायच्या त्या याच महिन्यात. कळंबच्या कृषी केंद्राने पंधराशे झोळ्यांची ऑर्डर दिली, तीसुद्धा पंचवीस तारखेच्या आत पोचल्या तरच. नागपूरहून मांजरपाटाचं कापड आलं की आठ बाया, आठ मशीन, दिवसरात्र. ही ऑर्डर गेली तर शेडला कुलूप, असं शीला म्हणते. उगाच घाबरवते.

१० नोव्हेंबर
नागपूरच्या कापडवाल्याचा ईमेल. जीएसटीमुळे जुनं खातं बंद, शहाऐंशी हजार नव्या खात्यात पाठवा, सोमवारनंतर भाव वाढेल. खाली सही: अकाउंटंट राठोड.
धर्मपालला सहज दाखवला. सल्ला म्हणून नाही. तर म्हणे, "गोविंदाले जुन्या नंबरवर एक फोन लाव ना भाऊ. ईमेलातल्या नंबरवर नको लावू." गोविंदा म्हणजे त्या दुकानाचा माणूस, दहा वर्षं आमचे सौदे तोच करतो. पण मार्गदर्शक कोण? मी की हा? रागाने ईमेलातल्याच नंबरवर लावला.
माझी परीक्षा वेगळी असते. आमच्यात अनोळखी गोर भेटला की आधी गोत विचारतात, मग पाडा म्हणजे पोटकूळ, मग तांडा म्हणजे वस्ती. पुस्तक वाचून हे येत नाही. माझ्यासारखाच राठोड निघाला तर तो पाहुणा नाही, भाऊच. या माणसाचं एकही उत्तर चुकलं नाही. दारव्ह्याकडचा आहे. फोन ठेवताना डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं नव्हतं.

१३ नोव्हेंबर, सोमवार
बँकेत फॉर्म भरला. दुपारी एका बाईचा फोन: बँकेतून बोलते, फॉर्मवर नागपूरची फर्म आहे आणि शाखेचा कोड परराज्यातला, नक्की पाठवायचे का? काय हिंमत! मी म्हटलं, पैसे आजच गेले पाहिजेत आणि ओटीपी जन्मात मिळणार नाही. ती म्हणाली, ओटीपी मी मागितलाच नाही. मी म्हटलं, सगळ्या असंच म्हणतात. कट. ब्लॉक.
भाषणात हा किस्सा घेतो.

१५ नोव्हेंबर
नागपूरच्या लँडलाइनवरून चार फोन. कापड बांधून ठेवलं, पैसे कधी पाठवता? या चोरांना धंद्याची बित्तंबातमी असते. ब्लॉक. पाचवा फोन खुद्द गोविंदाच्या नंबरवरून. म्हणजे त्याचा मोबाईल हॅक झाला. बिचारा. तोही ब्लॉक.

१८ नोव्हेंबर
कापड नाही. राठोडभाऊचा फोन बंद. रेंज नसेल. ट्रान्सपोर्टवाल्याला इतकं झापलं की त्याने पाणी विचारलं.
बाया बसून. त्यांतली जमनी म्हणे, "भाऊ, काम नसन तं वेचाले जातो मी. इथं बसून काय मिळून राह्यलं?" दुपारी तिघी गेल्या. इमानदारी उरली नाही जगात.

२० नोव्हेंबर
शीलाने स्वतःच्या फोनवरून गोविंदाला लावला. दोन मिनिटं बोलली. पैसे पोचले नाहीत. राठोड नावाचा तिथे कोणीही नाही. खातंही जुनंच चालू. कापड दुसऱ्याला देऊन टाकलं.
पोलीस स्टेशन. साहेबांनी विचारलं, ओळख कशी पटवली? मी छाती काढून सांगितलं, सगळं रेकॉर्डिंग आहे. सुरक्षेसाठी मीच चालू केलं होतं. त्यांनी ते मोठ्याने लावलं. धर्मपाल होता, शीला होती, दोन हवालदार होते.
त्यात मी विचारतो, पाडा कोणता? तो म्हणतो, भाऊ, तुम्हीच सांगा. मी म्हणतो, भुकिया का? तो म्हणतो, हो ना भाऊ. मी विचारतो, तांडा दारव्ह्याकडे का? हो ना भाऊ. मोठे बाबा अजून आहेत ना? हो ना भाऊ. सहा मिनिटांत तो ‘हो ना भाऊ’ शिवाय काही बोललाच नाही. बाकी सगळं मी.
हवालदार भिंतीकडे तोंड करून हसला. राग आला. कोणावर रागवायचं तेच कळेना.

२१ नोव्हेंबर
बँकेत गेलो. फोनवाली बाई खरीच निघाली, काउंटर तीनवर बसते. पैसे त्याच संध्याकाळी काढले गेले. म्हणाली, तेव्हा नाही म्हटलं असतं तरी थांबले असते. कळंबला फोन केला. ऑर्डर गेली.
घरी शीलाने नेहमीसारखं ताट वाढलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्यासमोर जेवायची लाज वाटली.

२२ नोव्हेंबर
कार्यक्रम झाला. मार्गदर्शक धर्मपाल. चार वाक्यं बोलला, त्यातलं एक: "फोन जुन्या नंबरवर लावा, आन् उत्तर आपण सांगू नोका." कोणाचं नाव घेतलं नाही. मी मागच्या खुर्चीत होतो. सगळे मागे वळून बघत होते.
बॅनर लावलंच नव्हतं. शोधत शेडमध्ये गेलो तर शीला आणि जमनी मशीनवर. "कापड हाय घरात, आन् कापड नाही म्हनून रडता काहून?" शीला एवढंच म्हणाली. बॅनरच्या अकरा झोळ्या निघाल्या.

२४ नोव्हेंबर
दहा झोळ्या बाजारात गेल्या. ‘मार्गदर्शक भारत राठोड’ ज्या झोळीवर आलं, ती कोणी घेतली नाही. शीलाने आज तीत माझा डबा दिला.