कोचच्या सत्काराची शाल

बाबा, कोच गेले. शनिवारी त्यांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये जाऊन आले. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत आम्हा मुलींच्या टीमला सॉकर शिकवणारे ते अर्जेंटिनाचे कोच, ज्यांना तुम्ही मराठी मंडळाच्या गणपतीला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या दुपारबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही, म्हणून लिहिते आहे.

शहाऐंशीच्या त्या उन्हाळ्यात अर्जेंटिनानं वर्ल्ड कप जिंकला होता आणि मंडळाला पाहुणा मिळत नव्हता. दरवर्षी तेच ते डॉक्टर आणि त्यांचं तेच ते भाषण ऐकून सगळे कंटाळले होते. तुम्ही फोनवर सांगत सुटलात, "अहो, अर्जेंटिनाचा प्लेअर! माझ्या मुलीचा कोच आहे, मी इन्व्हाइट केलं की येणारच." कुठे खेळला, कधी खेळला, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. तुमचा उत्साहच असा असायचा की मध्ये बोलायची सोय नसे. आणि मलाही ते मोठेच वाटायचे. कसाही उडत आलेला बॉल त्यांच्या डाव्या पायाशी आला की मुकाट्यानं थांबायचा.

शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला. आरती झाली आहे, प्रसाद वाटून झाला आहे. कोच घट्ट झालेला कोट घालून पहिल्या रांगेत बसले आहेत, शेजारी त्यांची बायको. तुम्ही आधी मराठीत बोलता, मग त्यांच्यासाठी इंग्रजीत सांगता की आज आपल्यात एक वर्ल्ड चॅम्पियन आहे. टाळ्या थांबत नाहीत. कोच उठतात, माइक मागून घेतात आणि म्हणतात, "सॉरी, मी चॅम्पियन नाही."

मग त्यांनी सगळं साधेपणानं सांगितलं. देशाच्या टीमच्या सरावाला एकदा बोलावणं आलं होतं, पण आठवड्यात घरी पाठवलं. मग मेक्सिकोत खेळले, स्पेनमध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळले, अमेरिकेत आले तर इथली लीगच बंद पडली. नंतर आइस रिंकवर कार्पेट अंथरून इनडोअर सॉकर खेळायचे, त्यात गुडघा गेला. "आता दिवसा टायर विकतो, संध्याकाळी तुमच्या मुलींना शिकवतो. फायनल घरी टीव्हीवर बघितली. खूप रडलो," असं म्हणून ते हसले.

हसायला त्यांच्याबरोबर कुणीच नव्हतं. स्टेजवरचे खजिनदार काका तुमच्या कानाशी लागले, पण माइक चालूच होता. "आता काय करायचं? टायरवाल्याला शाल?" शाल तुमच्या हातावरच होती, आईनं भारतातून मुद्दाम मागवलेली. तुम्ही तिची पुन्हा घडी घातलीत, टेबलावर ठेवलीत आणि कोचच्या हातात नुसता नारळ दिलात. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, फोटोसाठी उभे राहिले. कार्यक्रमाच्या शेवटी ती शाल डॉक्टरांच्या खांद्यावर गेली.

पुढच्या प्रॅक्टिसला कोचनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ती शाल आधी माझ्यासाठी होती का?" मी म्हटलं, "नो, कोच. ती डॉक्टरांचीच होती." ते "ओके, गुड" म्हणाले आणि बॉल काढायला गेले.

बाबा, ही गोष्ट मी नवऱ्याला, मुलांना, मैत्रिणींना सांगितली आहे, आणि दर वेळी तुम्हालाच वाईट ठरवलं आहे. आपल्या लोकांना माणूस नको, पदवी हवी, असं तावातावानं बोलते मी. शनिवारी कोचच्या बायकोनं माझा हात धरून विचारलं, "तुझे वडील कसे आहेत? फार भले गृहस्थ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे पत्र कुठे टाकणार? पण लिहायला बसलेच आहे तर खरं लिहिते. त्या दुपारी हॉलमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या मुली "टायर मॅन" म्हणून खुसखुसत होत्या आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. काका बोलल्यावर तुम्ही लगेच घडी घातली नव्हतीत. शाल तशीच उलगडून धरून तुम्ही आधी माझ्याकडे बघितलं होतंत, देऊ ना, अशा नजरेनं. मी मान हलवून नको म्हटलं होतं.